सात काड्यांचं तोंड

तुमच्या घरात कुणाच्या नाकात नळी असेल तर आधी एक गोष्ट विचारतो. तुम्ही जेवता कुठे?

औषधाचं सोडून हा माणूस जेवणाचं काय विचारतो, असं म्हणाल. पण माझ्या आजारात दुखण्याचं, सुयांचं, केस-वजन जाण्याचं, सगळं कोणी ना कोणी आधी सांगून ठेवलं होतं. जेवणाचं कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणून लिहायला बसलो. मी लिहिणारा माणूस नाही, सुतार आहे. नागपूरच्या लकडगंजात तीस वर्षं दारं आणि चौकटी केल्या. एखादं वाक्य तिरपं बसलं तर सांभाळून घ्या.

गुपचूप

सुरुवात लग्नात झाली. माझ्या साळ्याच्या मुलीचं लग्न होतं आणि तिथे गुपचूपचा ठेला लावला होता. बाकीच्या महाराष्ट्रात ज्याला पाणीपुरी म्हणतात ती. मी एक उचलली, तोंडाशी नेली, आणि ती आत जाईना. पुरी मोठी आहे म्हणून दुसरी घेतली. तीही जाईना. शेवटी ओठांवर फुटली आणि सगळं पाणी नव्या शर्टावर आलं. लोक हसले, मीही हसलो. घरी येऊन आरशासमोर तोंड उघडलं तर ते अर्ध्यावर येऊन अडलं. ओल धरलेलं दार अडतं तसं.

कारण मला माहीत होतं. खर्रा. नागपूरकराला तो समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घासघासून घोटतात आणि गालात धरतात. मी दिवसाला सहा खायचो. रंधा मारताना एकही हात रिकामा नसतो, पण गाल रिकामा असतो, असं मी मोठ्या ऐटीत सांगायचो. डाव्या गालात एक छाला दिवाळीपासून होता. तिखट लागलं की आग व्हायची. मंदा, म्हणजे माझी बायको, रोज म्हणायची, "अजी, दाखवा ना डॉक्टरले." मी म्हणायचो, उद्या.

संक्रांत झाल्यावर तो उद्या आला. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी करून तोंडात घाला. माझी दीड गेली. मग त्यांनी गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी बोलावलं.

त्या दिवशी डॉक्टर माझ्याकडे न पाहता मंदाकडे पाहून बोलले, तेव्हाच मला समजलं. ते म्हणाले, गालाचा कॅन्सर आहे, जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल, उशीर झालाय पण फार नाही. मंदानं पदर तोंडाला लावला. मी "बरं" म्हणालो. मग लघवीला जाऊन येतो असं सांगून बाहेर आलो, गाड्या लावतात त्याच्या मागे गेलो, आणि खिशात राहिलेला शेवटचा खर्रा खाल्ला. हातात रिपोर्ट आणि गालात खर्रा. इतका मूर्ख माणूस त्या आवारात दुसरा नसेल. मंदाला हे अजून माहीत नाही. आता वाचेल.

एक वाजता

ऑपरेशनचं फार सांगत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडाच्या जागी एक मोठं ओझं होतं आणि नाकातून नळी पोटात गेली होती. बोलायला गेलो तर नुसता फुसफुस आवाज आला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर बोलायचं नाही. रश्मीनं, माझ्या मुलीनं, माझ्याच दुकानातून पांढऱ्या सनमायकाचा एक तुकडा आणला. त्यावर मी माझ्या चपट्या पेन्सिलीनं लिहायचो आणि ओल्या फडक्यानं पुसायचो. तीस वर्षं जी पेन्सिल लाकडावर खुणा करायला कानावर ठेवली, तिनं मी आता "पाणी" आणि "उशी" लिहीत होतो.

वॉर्डात आम्ही दहा जण होतो, दहाही नळीवाले. सकाळी सहाला सिस्टर यायच्या, ताप, ड्रेसिंग. दर दोन तासांनी मोठ्या पिचकारीनं नळीतून दूध किंवा डाळीचं पाणी. पोट भरायचं पण जेवल्यासारखं काही व्हायचं नाही. गच्चीवरची टाकी भरावी तसं.

दुपारी एक वाजला की वॉर्डात गंमत व्हायची. आमची माणसं एकेक करून उठायची. कुणी म्हणायचं फोन करून येतो, कुणी म्हणायचं औषध आणतो. दहा मिनिटांत वॉर्ड रिकामा. खाली कडुलिंबाखाली सगळे आपापले डबे उघडून बसलेले असायचे, हे आम्हाला खिडकीतून दिसायचं. आम्ही दहा जण गुपचूप पडून राहायचो. कुणी कुणाकडे पाहायचं नाही.

मला तेव्हा ते चांगलंच वाटलं. किती समजूतदार लोक आहेत, म्हटलं.

काड्या

टाके सुकल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. तरुण पोरगी, माझ्या रश्मीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिनं आइसक्रीमच्या लाकडी काड्यांचा एक जुडगा पुढे ठेवला. एकावर एक काड्या रचून दातांमध्ये धरायच्या. मावतील तेवढ्या. दिवसातून पाच वेळा. मग हळूच एक वाढवायची.

"वीस काड्या झाल्या की नळी काढायचं बघू, काका," ती म्हणाली.

माझ्या तोंडात सात काड्या गेल्या. मी सवयीनं हिशेब केला. आम्ही सुतार सुतात मोजतो, आठ सूत म्हणजे एक इंच. दोन काड्यांचं एक सूत. म्हणजे माझं तोंड साडेतीन सूत उघडत होतं. साडेतीन सुतात वरणाचा चमचासुद्धा आडवा जात नाही.

मग शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले. रोज मशीनखाली झोपायचं आणि त्याआधी बाकावर बसून वाट पाहायची. तिथे खापा गावचे एक गृहस्थ भेटले. वर्षभरापूर्वी त्यांचंही हेच ऑपरेशन झालं होतं, आता तपासणीला आले होते. नाकात नळी तशीच. ते दात न उघडता बोलायचे.

"काड्या करून राहिले का जी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"सोडू नका. मी सोडून देल्ल्या. लय दुखे ना बाप्पा. म्हटलं, उद्या करू, परवा करू." त्यांनी खिशातून एक काडी काढली आणि दातांत धरून दाखवली. "आता हे एकच जाते. डॉक्टर म्हणते, नळी आता कायमची."

उद्या हा शब्द माझ्याही ओळखीचा होता. त्यांची काडी खिशात राहून राहून पिवळी झाली होती. घरी आलो तरी ती डोळ्यांसमोरून जाईना. तेव्हापासून मला मरणाची भीती कमी आणि त्या एका काडीची जास्त वाटायला लागली.

घरातला आवाज

आमचं घर नंदनवन वस्तीत आहे. मागे छोटंसं अंगण, त्यात मंदाची झाडं. कढीपत्ता, जास्वंद, आणि भिंतीवर चढलेली मधुमालती. माझी खाट मागच्या खोलीत खिडकीशी टाकली होती. मधुमालतीची वेल खिडकीपासून चार फुटांवर.

घरी येऊन आठवडा झाला तेव्हा लक्षात आलं की घरात काहीतरी कमी आहे. काय ते कळेना. मग कळलं. फोडणीचा आवाज नाही. कुकरची शिट्टी नाही. लसणाचा वास नाही. मंदानं चोवीस वर्षांत फोडणीशिवाय एक दिवस काढला नव्हता. मी विचारलं, म्हणजे लिहिलं, "स्वयंपाक?" ती म्हणाली, "उन्हाळ्यात कोन खाते जी. आम्ही आपलं दही-पोहे खातो."

पाहुणे यायचे. मी बोलत नाही म्हणून मला ऐकूही येत नाही, असं त्यांना वाटायचं. खाटेपाशी उभे राहून ओरडायचे. शेजारच्या दुकानातला केशव आला, दारातच उभा राहिला. "काय मिस्त्री, कसं हाय गा?" गाल फुगलेला. खर्रा होता आत, थुंकायला जागा सापडेना, म्हणून दोनच वाक्यं बोलून गेला. पुन्हा आला नाही. आणि आमच्या घरी चहा कोणी घेईना. "नको वहिनी, आत्ताच झाला." सगळ्यांचा आत्ताच झालेला. माझ्यासमोर कप तोंडाला लावायला कोणीच तयार नव्हतं. मग लोक यायचे कमी झाले.

बोलता येत नाही याचं एवढं वाटलं नाही. पण माझ्यासमोर कोणी काही खात नाही, याचं काय वाटतं ते सांगता येत नाही. माणसं येतात, बसतात, बोलतात, पण तुमच्यात आणि त्यांच्यात एक काच असते. आणि ती त्यांनी प्रेमानं लावलेली असते, म्हणून फोडताही येत नाही.

आमच्या घरात माझ्यासमोर उघडपणे खाणारे तेवढे अंगणातले बुलबुल.

तीन तोंडं

मधुमालतीत त्यांचं घरटं होतं. वाटीएवढं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यात तीन पिल्लं होती. डोळे बंद, अंगावर पिसं नाहीत, नुसती तोंडं. वेल जराशी हलली की तिन्ही माना वर आणि तोंडं उघडी. आणि काय उघडायची! डोक्यापेक्षा तोंड मोठं. आतून लालभडक. आईबापांपैकी आई कोण, बाप कोण, मला कधी ओळखता आलं नाही. दोघंही काळी शेंडी उभारून यायचे, चोचीत अळी, कोंबली की गेले. परत आले. नागपूरचं ऊन, सकाळी नऊलाच अंगण तापायचं, पण त्यांच्या फेऱ्या बंद नाहीत.

मी अजूनही त्याच सात काड्या तोंडात धरून त्यांच्याकडे पाहायचो. खरं सांगतो, हेवा वाटायचा. पिल्लांना कोणी व्यायाम शिकवला नव्हता. काहीच येत नव्हतं त्यांना, पण तोंड उघडता येत होतं.

"अजी, काय पाहून राहिले दिवसभर?" मंदा विचारायची.

मी बोट दाखवायचो. ती एक क्षण पाहायची आणि कामाला जायची. पिल्लांच्या जेवणाकडे पाहायलासुद्धा तिला माझ्यासमोर संकोच वाटत असावा.

पाचर

एका दुपारी रश्मी कॉलेजला गेली होती. मला पाणी हवं होतं. मंदाला हाक मारता येत नव्हती म्हणून उठून गेलो. अनवाणी होतो, आवाज झाला नाही. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. न्हाणीघराकडे वळलो तर मधल्या बोळात, जिथे आम्ही रद्दी आणि बादल्या ठेवतो, तिथे मंदा भिंतीकडे तोंड करून उभी होती. हातात डबा. थंड पोळी लोणच्याला लावून भरभर खात होती. चोरासारखी.

मी दिसलो तशी ती दचकली. डबा पाठीमागे नेला. तोंडातला घास तसाच राहिला, चावेना की गिळेना. "मले भूक नव्हती जी," ती घासासकट म्हणाली, "थोडंसंच..."

पन्नाशीची बाई. स्वतःच्या घरात. मी परत येऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलो. पाणी मागायचं राहून गेलं. मला तिच्यावर राग आला, मग माझ्यावर, मग त्या काड्यांवर. सात काड्यांवरून वीसवर जायला किती महिने? तोवर ही बाई बोळात जेवणार का?

आणि तिथे मी एक चूक केली. ती फक्त एखादा सुतारच करू शकतो.

ओंडका चिरताना चीर मिटत जाते आणि आरी धरून ठेवते. तेव्हा आम्ही चिरेत पाचर ठोकतो. एक बाजू पातळ, एक जाड. ठोकत गेलं की लाकूड उघडत जातं. मी विचार केला, आइसक्रीमच्या काड्यांचं हे काय लेकरांचं काम लावलंय! दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पेटी काढली. शिसमाचा एक तुकडा होता. त्याची सुंदर पाचर केली. कडा गोल केल्या, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं गुळगुळीत केली, गरम पाण्यात उकळून घेतली. कित्येक महिन्यांनी हातात लाकूड आलं होतं, मला फार बरं वाटलं. मग न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहिलो, पातळ बाजू दातांत घातली आणि तळहातानं ठोकली. एकदा, दोनदा. उघडत होतं! दहा काड्यांइतकं, बारा काड्यांइतकं. तिसऱ्यांदा ठोकली तेव्हा आत काहीतरी फाटल्याचा आवाज आला. तो आवाज मला चांगला माहीत आहे. पण आजवर तो लाकडातून येत होता.

न्हाणीघरातलं रक्त पाहून रश्मी ओरडली, "बाबा, काय करून राहिले तुम्ही हे!" मंदा रिक्षा आणायला धावली.

फिजिओच्या मॅडमनी पाचर हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "काम छान आहे, काका," ती म्हणाली. "पण पाचर मारल्यावर लाकूड फाटतं ना? तुम्हाला तोंड उघडायचंय की फाडायचंय?" मग तिनं ती आपल्या खणात टाकली. बारा दिवस व्यायाम बंद. जखम भरताना तोंड आणखी आवळतं, हे तिनं सांगितलं नाही. मला ते बारा दिवसांनी कळलं. सातच्या पाच काड्या झाल्या होत्या.

मी डोळे मिटले की खाप्याच्या त्या गृहस्थांची पिवळी काडी दिसायची.

तिसरा

त्या बारा दिवसांत मला दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून मी पिल्लं पाहिली. ती आता घरट्याबाहेर आली होती. कपडे वाळत घालायच्या तारेवर तिन्ही ओळीनं बसायची, शेपट्या आखूड, पंख थरथर हलवत. आई किंवा बाप आला की तिघांची तोंडं उघडी. जो जास्त ओरडेल त्याला अळी.

आठवड्याभरात दोन पिल्लं पलीकडच्या शेवग्यावर जायला लागली. तिसरं तारेवरच राहिलं. ते जरा लहान होतं, की भित्रं होतं, कोण जाणे. एका दुपारी ते एकटंच होतं. कोणी नसताना तोंड उघडायचं, ओरडायचं, मिटायचं. पुन्हा उघडायचं. कितीतरी वेळ. रिकाम्या अंगणात ते एवढंसं उघडं तोंड मला पाहवेना.

मग एक मोठा बुलबुल आला. मला वाटलं, आला बाबा. पण तो तारेवर आलाच नाही. कढीपत्त्यावर बसला. आमच्या कढीपत्त्याला तेव्हा काळी टपोरी फळं धरली होती. त्यानं एक फळ तोडलं आणि पिल्लाच्या देखत स्वतः गिळलं. दुसरं तोडलं, तेही स्वतः गिळलं. तारेवर पिल्लू पंख आपटून आक्रोश करतंय आणि हा खातोय!

मला इतका संताप आला की मी खिडकीवर सनमायका आपटला. लेकरू उपाशी आणि बाप समोर बसून गिळतो! लाज नाही वाटत? निदान आडोशाला तरी जा.

तो उडाला नाही. खात राहिला. आणि पिल्लू गप्प झालं. त्यानं तोंड मिटलं आणि मान तिरकी करून पाहायला लागलं. मग तारेवरून उडी मारून कढीपत्त्यात पडलं, पडलंच म्हणायचं, सावरून मोठ्याच्या शेजारच्या फांदीवर बसलं. अगदी जवळ. मोठा खातोय, हे पाहतंय. मग यानं एका फळाला चोच मारली. फळ खाली पडलं. दुसरं चोचीत आलं, निसटलं. तिसरं पान निघालं. मी मोजत होतो. आठव्या खेपेला एक फळ चोचीत राहिलं, त्यानं मान वर केली, दोनदा झटकली, आणि ते आत गेलं. मोठा तोवर निघून गेला होता.

 तो बाप आडोशाला गेला असता तर ते पिल्लू अजून तारेवरच असतं.

दोन शब्द

मंदा नळीतून डाळीचं पाणी द्यायला आली तेव्हा मी सनमायका पुढे केला. "माझ्यासमोर जेव."

तिनं वाचलं आणि फडक्यानं पुसलं. "नाही जमत जी."

मी पुन्हा लिहिलं. तिनं पुन्हा पुसलं. मी खिडकीबाहेर कढीपत्त्याकडे बोट दाखवलं. "पाखरं पाहू पाहू डोकं गेलं तुमचं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तुमच्या नाकात ही नळी, अन् मी समोर बसून वांग्याची भाजी खाऊ? घास उतरन का माह्या गळ्याखाली?"

मी पेन्सिल ठेवून दिली. महिना कधीच झाला होता, बोलायला हरकत नव्हती, पण माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता म्हणून मी बोलत नव्हतो. त्या दिवशी बोललो. जीभ नीट वळेना, ओठातून थुंकी आली.

"एकटं वाटते," मी म्हणालो.

लिहिलं असतं तर तिनं तेही पुसलं असतं. बोललेलं पुसता येत नाही. ती पिचकारी हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मलेही."

मी विचारच केला नव्हता. त्या बोळात, भिंतीकडे तोंड करून, तिला काय वाटत असेल याचा.

संध्याकाळी तिनं अंगणात जाऊन कढीपत्त्याची एक डहाळी तोडली. थोड्या वेळानं तेल तापल्याचा वास आला, आणि मग तो आवाज. चर्र. मला जोरात शिंक आली, गाल ठणकला, डोळ्यांत पाणी आलं. रश्मी स्वयंपाकघरातून पळत आली, "बाबा, त्रास होतोय का? बंद करू का?" मी दोन्ही हातांनी नको, नको केलं.

मागच्या ओट्यावर दोघी माझ्यासमोर बसल्या. पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात. मंदानं तीन घास खाल्ले आणि तिला ठसका लागला. मग ती तशीच रडत रडत जेवली. रश्मी खाली मान घालून खात होती. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा, खरं सांगू का? भाजी खारट झाली. तुम्ही काही मिस नाही करून राहिले." मंदानं तिला डाव्या हातानं चापट मारली.

मी पाच काड्या तोंडात धरून बसलो होतो. त्यांचं जेवण होईपर्यंत धरल्या. पहिल्यांदाच वेळ कसा गेला ते कळलं नाही.

उरलेलं

त्यानंतर रोज दोन्ही वेळा तसंच. त्या जेवायच्या, मी काड्या धरायचो. पाचाच्या सहा, सहाच्या सात. कधी आठवडाभर एकही वाढायची नाही. दुखायचं, फार दुखायचं. वीस काड्या झाल्या नाहीत. पोळ्याच्या सुमारास सोळावर गाडी थांबली आणि मॅडम म्हणाल्या, "चला काका, एवढ्यात भागवू." नळी निघाली.

मी पूर्ण बरा झालो असं म्हणत नाही. दर काही महिन्यांनी तपासणीला जातो आणि आदल्या दिवशी आरशासमोर तोंड उघडून पुन्हा पुन्हा पाहतो. बोलणं अजून ओबडधोबड आहे. फोनवर लोकांना समजत नाही म्हणून फोन कमी झालेत. दुकानात जातो. चार वाजता सगळे पानठेल्यावर जातात तेव्हा मी एकटाच रंध्यापाशी असतो. त्यांना थांबवायला गेलो होतो, कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नसतं. हे एकटेपण आता माझं आहे, त्याची तक्रार नाही.

पण घरातल्यांना सांगतो. नळीवाल्या माणसापासून लपून जेवू नका. कुणाला खरंच नको असेल, तर तो तसं सांगेल. निदान विचारा तरी.

नळी काढली त्या दुपारचं सांगायचं राहिलं. मंदानं पातळ वरण केलं होतं, फोडणी घालून, गाळून. मी खाटेवर बसलो होतो. चमचा तिनं धरला. मला भीती वाटत होती, ठसका लागेल, बाहेर येईल, नळी परत घालतील. दात आवळले गेले. सोळा काड्यांचं तोंड, पण एक सूतभरही उघडेना.

 तिनं चमचा माझ्या ओठांजवळ आणला. आणि रश्मी लहान असताना तिला भरवताना जसं व्हायचं तसं झालं: मंदाचं स्वतःचंच तोंड उघडलं. मोठं, आ करून. तिला ते माहीतही नव्हतं.

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो, आणि माझं उघडलं.